बत्तीस जणांचं पाणी

"चावी फिरवायच्या आधी नळ ठोकायचा. तीनदा. मग एक बादली भरेल इतका वेळ थांबायचं आणि पुन्हा तीनदा. कुणाच्या अंगाला साबण लागलेला असेल, कुणी लेकराला न्हाऊ घालत असेल. न सांगता पाणी तोडणारा आणि खिसा कापणारा, दोघांत फरक नाही. समजलं?"

बाबांचा आवाज मुळातच चिरका. त्यातून आयुष्य चेंबरमध्ये वाकून बोलण्यात गेलेलं, त्यामुळे तो जमिनीखालून आल्यासारखा वाटायचा. आता बाबा नव्हते, गावच्या नळाची चावी त्यांच्या थोरल्या मुलाकडे आली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी थोरल्याला त्यांचं हे बोलणं आठवलंही नव्हतं. आठवलं असतं तर भीतीनं त्यानं ठोकलंच नसतं.

नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट. त्यानं चेंबरचं झाकण उचललं, लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली, आणि पाठीशी चार बंदुका उभ्या असताना त्याच्या हातानं आपणहून नळावर तीन ठोके दिले. थांबला. पुन्हा तीन दिले. बंदूकवाल्यांना वाटलं, गंज मोकळा करतोय. मग हुकमाप्रमाणे त्यानं तो जड व्हॉल्व्ह सावकाश बंद केला, कागदावर सही केली आणि घरी येऊन जेवला.

टेकडीवरच्या ठाण्यात बत्तीस जणांची शिबंदी होती. राजधानीनं रेडिओवरून शस्त्रं खाली ठेवली होती. नगराध्यक्षांनी पुलापर्यंत चालत जाऊन कचेरीच्या किल्ल्या परक्यांच्या हातात दिल्या होत्या. ठाण्यातल्या बत्तीस जणांनी मात्र काहीच दिलं नव्हतं. टेकडीखालचा एकुलता एक रस्ता त्यांच्या माऱ्यात होता. फौजेच्या गाड्या पुलापलीकडे खोळंबल्या होत्या, आणि ठाणं पाडायला ज्या तोफा हव्या होत्या त्याही त्याच रस्त्यानं यायच्या होत्या. म्हणून पाणी तोडायचं ठरलं. दोन दिवसांत जीभ बाहेर काढून उतरतील, असं फौजेच्या साहेबाला वाटलं होतं.

पण त्या बत्तीसांत थोरल्याचा धाकटा भाऊ होता. नळाच्या घरात वाढलेला. लोखंडाच्या नळातून टेकडीपर्यंत गेलेले तीन ठोके त्यानं ऐकले, आणि व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ठाण्यातलं पिंप, पातेलं, घागर, काही म्हणता काही रिकामं राहिलं नाही.

तेव्हापासून गल्लीतले लोक थोरल्याकडे बघून मान लववायला लागले होते. रंगाऱ्यानं तर भर रस्त्यात त्याचा हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. "अहो, सवय आहे ती," थोरला कळवळून सांगायचा. "मी काही केलेलं नाही." तर लोक आणखीच मान लववायचे.

आज दुपारी मामा येऊन बसले होते, आणि मामांच्या तोंडावरूनच कळत होतं की मान लववायचे दिवस संपले.

"मी वाईट हेतूनं नाही बोललो," मामा चौथ्यांदा म्हणाले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नगरपालिकेत नकाशे सांभाळायचे. साहेब बदलले, पण नकाशांची कपाटं तीच राहिली, म्हणून मामाही राहिले. "साहेब विचारत होता, नऊ दिवस ही माणसं पितायत तरी काय? सगळे खाली माना घालून बसलेले. मला नाही राहवलं. म्हटलं, आमच्या मेहुण्यांची पद्धतच तशी होती, सांगितल्याशिवाय पाणी बंद करायचं नाही. तीन ठोके म्हणजे पाणी जाणार, दोन ठोके म्हणजे पाणी आलं..."

"कौतुक केलंस," आई म्हणाली.

"कौतुकच की गं, अक्का. तुझ्याच घराचं."

"कुणापाशी केलंस?"

मामांनी उपरणं नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला. "गेलं तोंडातून."

"तोंडाला एक तोटी बसवून घ्या, मामा," चुलीपाशी राखेनं भांडी पुसत बसलेली मोठी म्हणाली. मोठी म्हणजे थोरल्याची बायको. सगळ्या गल्लीला पुरेल एवढा तिचा आवाज. "आमच्याकडे जुन्या पडल्यात दोन-चार."

मामा पुढचं सांगायला लागले, आणि सांगताना नजर जमिनीवरच ठेवली. पिठाच्या गिरणीच्या छपरावर फौजेनं नेमबाज बसवले होते. तिथून ठाण्याचं अंगण दिसत होतं, अंगणातला नळही. आज थोरल्यानं चेंबरवर जाऊन दोन ठोके द्यायचे होते. पाणी आलं. तहानेलेली माणसं घागरी घेऊन अंगणात धावतील, आणि मग गिरणीवरचे लोक आपलं काम करतील.

"सकाळी त्यांच्याच एकानं ठोकून पाहिलं," मामा म्हणाले. "कुणी बाहेर आलं नाही. साहेब म्हणतो, हात ओळखत असतील. म्हणून तुझा हात हवाय. धाकट्याला जिवंत धरू, असं म्हणालाय."

"गोळी विचारून लागते का, तू धाकटा की आणखी कोण?" आई म्हणाली.

थोरला पाटावर बसून होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज नेहमीचाच निघाला. "किती वाजता जायचं?"

*

दाराच्या चौकटीला टेकून धाकटी उभी होती. हातात कुणाच्या तरी सदऱ्याची बाही, त्यात सुई तशीच अडकलेली. या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातले सात महिने नवरा टेकडीवर. किती वाजता जायचं, हे शब्द कानावर पडले तेव्हा आधी तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"भाऊजी, तुम्ही ठोकणार?"

थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"मी विचारतेय, ठोकणार तुम्ही? त्या ठोक्यावर सगळ्यांच्या आधी कोण उठेल, माहीत आहे ना? बाकीच्या एकतिसांना तो ठोका म्हणजे नुसता आवाज. ज्याला अर्थ कळतो तो एकच आहे तिथं. आपला माणूस हाक मारतोय म्हणून तो पळत येईल!"

"धाकटे, हळू," मोठी म्हणाली. "बाहेर पहारा आहे."

"ऐकू दे पहाऱ्याला! निदान ते बंदूक दाखवून मारतात."

थोरला मामांकडे वळला. "साहेबाला सांगा, असे नाही फसायचे ते. हाताचा प्रश्नच नाही. नळ रिकामा आहे. रिकामा नळ घंटेसारखा वाजतो, भरलेला नळ ओल्या मातीवर दगड पडावा तसा. माझ्या भावाला झोपेत कळतो फरक. सकाळी त्यांचा माणूस वाजवत बसला घंटा." तो थांबला. "पाणी खरंच सोडावं लागेल. लाइन वरपर्यंत भरायला वीस मिनिटं जातील. मग मी दोन ठोके देतो."

धाकटीच्या हातातली बाही खाली पडली. हा माणूस नुसता कबूल होत नव्हता. त्यांचं कुठं चुकलं ते त्यांना शिकवत होता. गल्ली याच्यापुढे मान लववत होती! ती दोन पावलं पुढे आली. लग्नानंतर पहिल्यांदा या घरात आली तेव्हा याच माणसानं तिला परसातला नळ दाखवला होता, तोटी किती पिळायची ते समजावून. नवऱ्यानं तेव्हा मागून नक्कल केली होती, आणि सगळे हसले होते.

"तुम्हाला भाऊ म्हणायची लाज वाटेल त्यांना," ती कशीबशी म्हणाली.

मामा उठले. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं. थोरला नाही म्हणेल, मग आपण मधे पडून काहीतरी रदबदली करू, अशी तयारी करून ते आले असावेत. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले.

"ठाण्यात अंगणातला एकच नळ आहे ना रे? नकाशात एकच आहे."

मोठीच्या हातातलं पातेलं थांबलं.

"नकाशात एक असेल तर एकच असेल," आई शांतपणे म्हणाली.

मामांनी वळून बहिणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, कुणाला ते कळलं नाही. "माझं काम नकाशापुरतं," म्हणाले. "साहेबाला सांगतो, पाणी सोडायला हवं म्हणून." आणि गेले.

बाहेरच्या पहारेकऱ्याशी त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं तशी आई उठली, धाकटीला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं.

"ऐक. ठाण्याच्या मुदपाकखान्यात आतल्या बाजूला एक नळ आहे. तुझ्या सासऱ्यांनी बसवलेला. तिथला आचारी गुडघ्यानं अधू होता, अंगणात खेपा घालताना रडायचा. एका सुट्टीच्या दिवशी यांनी जाऊन लाइन आत घेतली. परवानगी नाही, कागद नाही. म्हणाले, कागद करायला गेलो तर आचारी मरेपर्यंत सही व्हायची नाही."

धाकटी बघतच राहिली.

"सकाळी घंटा ओळखली नसती तरी कुणी बाहेर आलं नसतं," थोरला म्हणाला. "आणि आज पाणी वर पोचलं तरी येणार नाही. आत तोटी सोडतील आणि भरून घेतील. त्यांचा साहेबच त्यांना पाणी पाजणार आहे. स्वतःच्याच हुकमानं."

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "भाऊजी, मी काय काय बोलले..."

"मामांसमोर बोललीस ते बरं झालं. मला खोटं वागता येत नाही. तू खरी चिडलीस म्हणून निभावलं."

*

मोठी अजून चुलीपाशीच होती. घरात बाकी सगळ्यांचे चेहरे उजळले होते. शेवटी तिनं पातेलं आपटलं.

"आणि अंगणात कुणी आलं नाही की?"

थोरल्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं.

"नाही, मी अडाणी आहे, मला समजावून सांगा. वीस मिनिटं पाणी सोडलं. हे दोन ठोके देणार. गिरणीवरचे मेले नेम धरून बसणार. अंगणात चिटपाखरू नाही. मग तो साहेब काय करणार? यांना नोकरीत बढती देणार?"

"अगं—" थोरला म्हणाला.

"अगं नाही! सात महिने झाले, या घरात तांब्याभर पाणी प्यायचं तरी आधी धाकट्याचं नाव. धाकटा शूर. धाकटा टेकडीवर. आणि हा माणूस? रोज पहाटे उठून चिखलात उतरणारा? हा काय सुटा पडलाय, लागेल तसा खर्च करायला?" तिनं पातेलं दूर सारलं. "राजधानीतले पळाले विमानात बसून. नगराध्यक्ष किल्ल्या देऊन घरी झोपलाय, त्याच्या नळाला पाणी आहे! आणि मरायचं कुणी? तर चावीवाल्यानं!"

"जाऊबाई बरोबर बोलतायत," धाकटी म्हणाली. उठून ती मोठीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कालपर्यंत या दोघी एकमेकींना मीठसुद्धा वाढत नव्हत्या. "भाऊजी, नका जाऊ. त्यांच्यासाठी मी तुम्हाला पाठवणार नाही. त्यांनाही ते चालणार नाही. दुसरं काहीतरी बघू."

थोरल्यानं आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," आई म्हणाली. "जा म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. दोघंही माझ्याच पोटचे. मी देवापुढे बसले तर मागायचं काय, तेही मला ठरवता यायचं नाही."

बाहेर कुठंतरी टेकडीकडून दोन बार ऐकू आले, मग शांत झालं. घरातले चौघंही तेवढा वेळ श्वास धरून होते. अजून आहेत. अजून उडवतायत.

"मी काही शूर नाही," थोरला म्हणाला. आवाज हळू होता, पण मोठीनं चौदा वर्षांत तो असा ऐकला नव्हता. "नगराध्यक्षांच्या हाताखाली सही केली, फौज आली तर तिच्या कागदावर केली. व्हॉल्व्ह बंद कर म्हणाले, केला. मला वाटलं, पाणी सोडणाऱ्याला राज्य कुणाचं आहे याच्याशी काय करायचंय? पण हे काय सांगतायत मला? बंदूक आहे ना त्यांच्याकडे, चालवू देत. तोफा आहेत, आणू देत. माणसं लढतायत त्यांच्याशी, त्यांनी लढावं! पण माझ्या नळावर ठोकून, पाणी आलं म्हणून सांगून, तहानेल्या माणसाला बाहेर बोलवायचं आणि घागर हातात असताना... बाबांच्या वेळेपासून या नळातून एक खोटा शब्द गेलेला नाही. लोकांनी कधी बघायला माणूस पाठवला नाही, की ठोका खरा की खोटा. आणि तो शब्द हा कालचा आलेला माणूस वापरणार? मी नाही म्हटलं तर उद्या ते पाणी न सोडता दुसरं काहीतरी शोधतील. आज त्यांना पाणी सोडावं लागतंय. मी दोनच ठोके देणार. आणि पाणी आलेलं असणार."

मोठीनं डोळे पुसले, राखेच्या हातानं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला. "आणि साहेबाला काय सांगणार?"

"सांगेन, ठोकलं मी, तुमच्यासमोर. नाही आले. तुमच्या नेमाला घाबरले असतील."

"आणि तो मानेल?"

"मानेल, नाही तर नाही. तोपर्यंत ठाण्यात पिंपं भरलेली असतील."

तेवढ्यात पहारेकऱ्यानं दारावर काठी वाजवली. मामा परत आले नव्हते. चिठ्ठी पाठवली होती. मोत्यासारख्या कारकुनी अक्षरात एकच ओळ: साडेचारला व्हॉल्व्ह उघडावा, साहेब जातीनं हजर राहतील. आणि खाली, त्याहून बारीक अक्षरात: नकाशात जे नाही ते मी पाहिलेलं नाही.

आईनं चिठ्ठी घडी करून चुलीत टाकली.

थोरला चावी उचलायला उठला आणि उठता उठता थबकला.

"काय झालं?" मोठीनं विचारलं.

"गल्ली," तो म्हणाला. "गल्ली विसरलो मी. टेकडीची लाइन आपल्या गल्लीतूनच जाते, त्याच व्हॉल्व्हनं आपलंही पाणी तुटलंय. नऊ दिवस चौतीस घरांच्या तोट्या उघड्या पडल्यात, खाली बादल्या लावून. पाणी सुटलं की सगळ्या एकदम वाहणार. वर चढायला जोरच उरायचा नाही. वीस मिनिटं काय, तास गेला तरी थेंब पोचणार नाही." तो पुन्हा पाटावर बसला. "आणि तोट्या बंद करा, हे सांगायला ठोका नाही. तसला ठोकाच नाही बांधलेला. बाबांना तरी कुठं ठाऊक, असं कधी सांगावं लागेल."

"घरोघर जाऊन सांगावं लागेल," आई म्हणाली.

"मी जाते," धाकटी म्हणाली.

मोठीनं तिला आडवा हात केला. "तुला काय ठाऊक, कुणाकडे किती तोट्या? रंगाऱ्याकडे चार आहेत, एक हौदामागे लपवलेली. शाळामास्तरांची तोटी बंदच होत नाही, तिला चिंधी बांधावी लागते. तळमजल्यावरच्या म्हातारीला ऐकू येत नाही, तिच्या घरात शिरून आपणच पिळायची." ती बोलता बोलता उभी राहिली. "आणि नऊ दिवसांच्या तहानेल्या माणसाला सांगायचं, पाणी येणार आहे पण घेऊ नका. का म्हणून विचारतील. हे तुझ्या त्या गोड आवाजात नाही जमायचं."

"पुरुष दिसला की पहारा अडवतो," थोरला म्हणाला. "नदीवर जाणाऱ्या बायांना नाही अडवत. पण तू कशाला? तू आत्ताच म्हणत होतीस..."

"म्हणत होते. अजून म्हणते. तुम्ही जाऊ नये, असंच मला वाटतं. पण तुम्ही जाणारच आहात, आणि इतकं करून ते पाणी वाटेत बादल्यांत सांडून गेलं, तर मी कुणाला जाब विचारू?" तिनं त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. एवढ्या माणसांसमोर तिनं असं कधी केलं नव्हतं. "साडेचारला तुम्ही व्हॉल्व्ह उघडाल तेव्हा गल्लीत एक तोटी उघडी असणार नाही. शब्द देते. तुम्ही घाई करू नका, पूर्ण वीस मिनिटं जाऊ द्या."

थोरल्यानं मान हलवली. चावी खांद्यावर टाकली, आईच्या पायांना हात लावला, आणि रोज कामाला निघावा तसा निघाला. दाराबाहेर पहारेकरी त्याच्यामागे चालू लागला. दोघांची पावलं गल्लीच्या खालच्या अंगाला, चेंबरच्या दिशेनं गेली.

आई भिंतीला टेकून बसली. तिचे ओठ हलत होते. धाकटीनं खाली पडलेली बाही उचलली आणि सुई शोधू लागली, पण सुई कुठं सापडेना.

पावणेचार होत आले होते. मोठीनं दोन रिकाम्या बादल्या घेतल्या, नदीवर निघालेल्या बाईच्या हातात असाव्यात तशा. चौतीस घरं, पाऊण तास. सुरुवात समोरच्या दारापासूनच करायला हवी होती. ते इस्त्रीवालीचं. तिच्याकडे सहा तोट्या, आणि दोघींचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झालेली. काय म्हणून सुरुवात करायची, हे मोठीनं ठरवलेलं नव्हतं.

गालावरचा राखेचा पट्टा तसाच ठेवून ती आवाज न करता पायऱ्या उतरली आणि गल्ली ओलांडली.